केटी लागली हे घरी सांगायला पोरं का घाबरतात?

पत्र :

ताई, आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. शेती आल्याची आणि थोडी घेवड्याची. थोरला मुलगा बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाला, सीईटीतही चांगला स्कोअर पडला आणि पुण्याला इंजिनिअरिंगला लागला. हॉस्टेल मिळालं नाही म्हणून चौघांनी मिळून फ्लॅट घेतलाय, जेवण मेसला. आमच्या भावकीत इंजिनिअरिंगला जाणारा हा पहिलाच.

दिवाळीला आला तेव्हा बारीक दिसला. विचारलं तर म्हणाला, मेसचं जेवण आहे, दुसरं काय. जानेवारीनंतर फोन कमी झाले. मी दिवसातून तीन-चारदा लावते, तो एखादाच उचलतो. ‘जेवलो. ठीक आहे. ठेवतो.’ गेल्या आठवड्यात गावातल्या दुसऱ्या मुलाकडून कळलं की पहिल्या सेमिस्टरला याचे दोन विषय राहिलेत, म्हणजे केटी लागलीय. आम्हाला तर ‘सगळं क्लिअर’ सांगितलं होतं. ह्यांनी फोनवरच झाप झाप झापलं. ‘यंदा आल्याला गाडीमागं काय भाव मिळाला माहितेय का तुला? कुणासाठी मरतोय आम्ही इथं?’ तो एक शब्द बोलला नाही. त्या दिवसापासून माझाही फोन उचलत नाही, व्हॉट्सॲपवर नुसतं ‘ओके’ टाकतो. त्याच्या रूम पार्टनरला फोन केला तर तो म्हणाला, ‘काकू, तो रात्रभर जागाच असतो. कॉलेजला कधी जातो, कधी नाही.’

हे म्हणतात, घेऊन ये घरी, शेतीला तरी हात लागेल. मला वाटतं, मीच पुण्यात खोली घेऊन राहावं, करून घालावं. सासूबाई म्हणतात, नजर लागलीय, उतारा टाका. पुढच्या महिन्यात गावची यात्रा आहे, पाहुणे येतील, सगळे विचारतील. मला काही सुचत नाही.

– एक आई, जि. सातारा

उत्तर :

ताई,

तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त जागा राहिलेल्या दोन विषयांनी आणि त्यावरून झालेल्या बोलाचालीने घेतलीय. मी मात्र रूम पार्टनरच्या बोलण्यापाशी थांबले. विषय पुढच्या परीक्षेत सुटतात. पण झोप उडालीय, अंग उतरलंय, कॉलेज बुडतंय आणि घरच्यांशी बोलणं तुटलंय, अशा अवस्थेत तुमचा मुलगा एकटाच दिवस ढकलतोय. त्याच्याकडे आधी बघायचं. म्हणून बाकीचे सगळे प्रश्न थोडे बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात त्याला भेटून या.

न सांगता जाऊन दारात उभ्या राहू नका. ते त्याला धाड पडल्यासारखं वाटेल. आदल्या दिवशी मेसेज टाका, फोन उचलायची वाट बघू नका. काहीतरी असं : ‘बाळा, उद्या दुपारी मी येतेय. कॉलेजचं, मार्कांचं काही विचारायला येत नाहीये. तुला बघावंसं वाटतंय. बरोबर जेवू, मग बघू.’ त्यावर ‘ओके’ आलं तर ओके. साताऱ्याहून स्वारगेट जेमतेम एकशे दहा किलोमीटर, आणि मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. सकाळी लवकर निघालात तर दुपारचं जेवण त्याच्याबरोबर होईल. परतीची गाडी मात्र मनात पक्की धरून जाऊ नका, रात्री राहायची वेळ आली तर राहायची तयारी ठेवा.

खोली बघून तुमचा जीव कासावीस होणार आहे. दोरीवर आठवड्याचे कपडे, कोपऱ्यात पार्सलचे डबे, गादीवरच चार्जर आणि पुस्तकं. हात आपोआप झाडूकडे जाईल. जाऊ देऊ नका. तुम्ही आवरायला लागलात की त्याला तपासणी सुरू झाल्यासारखं वाटणार, आणि बाकीच्या तीन पोरांसमोर तो अवघडणार. त्याला घेऊन बाहेर पडा. त्याच्याच मेसमध्ये, तो जे खातो तेच खा. मग रस्त्याने चालत राहा. या वयाची पोरं समोरासमोर बसवून विचारलं की गप्प होतात. बरोबरीने चालताना, नजर रस्त्यावर असताना, बोलतात. पहिला अर्धा तास तो काहीच बोलणार नाही कदाचित. तुम्ही गावाकडचं सांगत राहा. गाय व्याली, विहिरीची मोटर जळली, धाकटा शाळेत काय करतोय.

आणि मग एक प्रश्न स्वच्छ शब्दांत विचारायचा. ‘बाळा, इतकं जड झालंय का की जगणंच नको वाटतंय? जिवाचं काही बरं-वाईट करावं असं मनात येतं का?’

हे वाचून तुमच्या पोटात गोळा आला असेल. आपण विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं येईल, अशी भीती बहुतेक आईबापांना वाटते. तसं होत नाही. मनाचे डॉक्टर स्वतः पेशंटला हे सरळ विचारतात आणि घरच्यांनाही विचारायला सांगतात, कारण मनात तो विचार घेऊन फिरणाऱ्याला कुणी थेट विचारलं की बहुतेक वेळा सुटल्यासारखं वाटतं. तो चिडून ‘काहीतरीच काय’ म्हणाला तर बरंच आहे. पण तो ‘हो’ म्हणाला, किंवा मान फिरवून गप्प झाला, तर ‘आमचं कसं होईल, असा विचार तरी कसा केलास’ असं म्हणू नका. ‘सांगितलंस ते बरं केलंस. आता मी आहे,’ एवढंच म्हणा आणि त्याला एकटं सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पुण्यात ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. साताऱ्याला आणलंत तर क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये चौकशी करा. 14416 हा सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. तो मुलांनीच लावायचा असतो असं नाही. काय करावं सुचत नसलेल्या आईनेही लावायचा असतो. जिवावरचंच वाटलं तर 112.

त्याला घरी आणायचं ठरलं तर, तो कितीही बरा दिसत असला तरी, एक काम गाडीत बसण्याआधी फोन करून करून घ्या. शेतीची औषधं, तणनाशक, कीटकनाशक, जे काही पडवीत नाहीतर गोठ्यात ठेवलेलं असेल, ते कुलपात जाऊ दे आणि किल्ली मोठ्या माणसाच्या कमरेला राहू दे. जीव द्यायची ऊर्मी बऱ्याचदा थोडाच वेळ टिकते. तेवढ्या वेळात औषध हाताशी नसलं की माणूस वाचतो. शेतकऱ्याच्या प्रत्येक घरात ही पेटी कुलूपबंदच असायला हवी, मग घरात कुणी उदास असो वा नसो.

समजा तसं काही नाही, नुसतीच झोप उडालीय, मन लागत नाही, भूक गेलीय. हे सलग दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर डॉक्टरला दाखवायचं. ‘आपोआप बरं होईल’ म्हणत परीक्षेपर्यंत थांबू नका. गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, त्यामुळे चौथ्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून बंद करायच्या नाहीत, आणि बरं वाटायला लागलं म्हणून मनानेही बंद करायच्या नाहीत. कॉलेजात रॅगिंगचा काही प्रकार आहे का, कुणी पैशासाठी मागे लागलंय का, दारूबिरू सुरू झालीय का, हेही एकदा शांतपणे विचारून घ्या. रॅगिंग असेल तर यूजीसीची हेल्पलाइन आहे, 1800-180-5522.

आता त्याच्या ‘सगळं क्लिअर’कडे येऊ.

गावातून निघताना त्याच्यामागे काय होतं ते आठवा. भावकीतला पहिला इंजिनिअर. पेढे वाटले असतील, चौकात फ्लेक्स लागला असेल, मामाने बॅग घेऊन दिली असेल. शाळेत पहिल्या तिनात येणारं पोर पुण्याच्या वर्गात बसलं तेव्हा आजूबाजूचे सगळेच आपापल्या शाळेत पहिल्या तिनात आलेले. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या की पहिलं सेमिस्टर आक्रसतं, एम-वन म्हणजे पहिलं गणित आणि मेकॅनिक्स भराभर संपवतात. वर्षभर सीईटीचे पर्याय निवडायची सवय, आणि इथे एकदम पानंच्या पानं लिहायची. शिकवतात इंग्रजीतून. सेमी इंग्रजीतून आलेल्या मुलाला शब्द कळतात, पण मध्येच हात वर करून ‘सर, परत सांगा’ म्हणायला जीभ उचलत नाही. पहिल्या सेमिस्टरला एक-दोन विषय राहणं ही इंजिनिअरिंगमधली नेहमीची गोष्ट आहे. गावात ती कुणाला माहीत नाही, आणि गावात कुणाला माहीत नाही हे त्याला माहीत आहे.

म्हणून तो खोटं बोलला. ते चुकलंच, आणि पुढे कधीतरी, तो सावरल्यावर, त्याला तसं सांगाही. पण खोटं उघडं पडल्यावर पुढे काय झालं ते बघा. खरं घरात पोचलं आणि घरात आग लागली. यातून त्याने एकच शिकून घेतलं असणार, की पुढच्या वेळी आणखी नीट लपवायचं. आणि पुढच्या वेळी लपवायची गोष्ट एखादा विषय असेलच असं नाही. ती गोष्ट आजारपण असेल, कर्ज असेल, नाहीतर जगणं नकोसं वाटणं असेल. घरापासून लांब असलेल्या मुलाला आईबाप सगळ्यात मोठी मदत कोणती करू शकतात असं मला कुणी विचारलं तर माझं उत्तर पैसा, डबा, क्लास यांतलं काहीच नसतं. वाईट बातमी त्याला न घाबरता घरी सांगता आली पाहिजे. एवढं घराला जमलं तर तो अडचणीत सापडल्यावर तुम्हाला तिसऱ्याकडून कळणार नाही.

पुढचा मजकूर त्याच्या वडिलांना वाचून दाखवा.

भाऊ, तुमचा राग मला कळतो. गाडीमागचा, म्हणजे पाचशे किलोमागचा, भाव पडतो तेव्हा अख्ख्या वर्षाचा हिशोब खाली येतो, आणि त्याच हिशोबातून पुण्याचं भाडं जातं. पण आल्याचं पान पिवळं पडलं की तुम्ही रोपावर ओरडत नाही, खाली बसून गड्ड्याशी उकरून बघता, कुज लागलीय का, पाणी साचलंय का. पोराच्या बाबतीत तुम्ही पानावरच थांबलात. घरची ओढाताण त्याच्यापासून लपवा असं मी म्हणत नाही. ती त्याला माहीत असावी, तो आता मोठा आहे. मात्र ‘यंदा भाव नव्हता, पुढच्या महिन्यात पैसे पाच तारखेऐवजी पंधराला येतील, तोवर कसं भागवशील ते मिळून बघू’ असं सांगणं वेगळं आणि ‘तुझ्यासाठी मरतोय’ म्हणणं वेगळं. दुसऱ्या वाक्याने त्याच्या डोक्यावर असं कर्ज चढतं जे त्याला कधीच फेडता येणार नाही. मन खचलेलं पोर त्यातून फार वाईट अर्थ काढतं. आपण नसतो तर यांचा खर्च तरी वाचला असता, असं त्याला वाटायला लागतं.

तुम्ही त्याला फोन करा. फार बोलू नका. ‘परवा मी जास्त बोललो. भावाचा राग तुझ्यावर काढला. विषय राहिले तर राहिले, सुटतील. पुढच्या वेळी मात्र मला आधी सांग, मी ओरडणार नाही.’ एवढं पुरे. फोनवर शब्द फुटत नसतील तर व्हॉट्सॲपवर बोलून पाठवा, तो एकटा असताना ऐकेल, चारदा ऐकेल. आईने शंभरदा सांगितलेलं आणि बापाने एकदा सांगितलेलं यात आपल्याकडच्या पोरांना फार फरक वाटतो. तो फरक आता कामाला येऊ द्या.

ताई, परत तुमच्याकडे.

दिवसातून तीन-चार फोन थांबवा. तुमची काळजी खोटी नाही, पण मिस्ड कॉलचा ढीग बघून त्याला अपराधी वाटतं आणि अपराधी वाटलं की तो आणखी टाळतो. त्यालाच विचारून वार आणि वेळ ठरवून घ्या. माझं मत विचाराल तर रविवारची संध्याकाळ त्यात असू द्या. पुण्यातल्या बहुतेक मेसमध्ये रविवारी दुपारी फीस्ट, म्हणजे खास जेवण असतं आणि संध्याकाळी मेस बंद. जवळच्या गावची पोरं घरी गेलेली, खोली रिकामी, दुसऱ्या दिवशी सबमिशन. घरची आठवण सगळ्यात जास्त तेव्हाच येते. ‘जेवलास का, अभ्यास केलास का, पैसे आहेत का’ या तिन्हीचं उत्तर ‘हो’ येतं आणि फोन संपतो. त्याऐवजी ज्याचं उत्तर ‘हो’ देता येणार नाही असं विचारा. रात्री जेवायला कुणाबरोबर गेला होतास? त्या लातूरच्या मुलाचं काय चाललंय? कुठल्या सरांचं शिकवलेलं डोक्यात शिरतं? आणि कधी कधी काहीच विचारू नका, नुसतं घरचं सांगा, आजीला चार शब्द बोलू द्या. तो कुठल्याही गोष्टीत अडकल्याचं बोलला तर लगेच उपाय सांगायला जाऊ नका. ‘मग तू काय केलंस?’ एवढं म्हणून थांबा.

गावातल्या त्या दुसऱ्या मुलाकडून बातम्या काढणं आजपासून बंद. तुमच्या मुलाला ते कळल्याशिवाय राहणार नाही, आणि तिथली एक मैत्री तुटेल. रूम पार्टनरचं वेगळं आहे, त्याने जे सांगितलं ते काळजीने सांगितलं. त्याचे आभार माना आणि ‘कधी खूपच वेगळं वाटलं तर रात्री-अपरात्री फोन कर’ एवढं सांगून ठेवा. त्यापुढे त्याच्यावर जबाबदारी टाकू नका, तोही एकोणीसचाच आहे.

आपल्या साताऱ्याला मुलं शिकायला घराबाहेर ठेवण्याची सवय जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसायची. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडायला दिलं ही गोष्ट तुमच्या सासूबाईंनाही ठाऊक असेल. मला त्या बोर्डिंगमधलं जे महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्या पोरांकडे बघणारं एक मोठं माणूस तिथे होतं. कोण जेवला नाही, कोण तापाने पडलाय, कोण रडतोय, हे लक्षात यायचं. तुमचा मुलगा राहतो त्या फ्लॅटमध्ये चार पोरं आहेत आणि मोठं माणूस एकही नाही. एक वेळ तो दोन दिवस अंथरुणातून उठला नाही तर कुणाच्या लक्षात यायचं? तेव्हा तिथे, पुण्यात, त्याच्याकडे लक्ष असलेलं एक तरी मोठं माणूस शोधायचं.

पहिला शोध कॉलेजात. बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजांत ठरावीक मुलांमागे एक मेंटॉर सर किंवा मॅडम नेमलेले असतात. त्यांचं नाव मुलालाच विचारा, आणि त्याला विचारूनच त्यांच्याशी बोला. त्याच्या पाठीमागे नको. तो आता सज्ञान आहे आणि आपल्याबद्दल कुठे काय बोललं जातंय हे कळण्याचा त्याला हक्क आहे. दुसरं, समुपदेशक. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये बजावलं आहे. तेव्हा कॉलेजात तशी सोय आहे का, हे विचारताना संकोच करायचं कारण नाही. तो तिथे जायला लागला तर ‘आज काय बोलणं झालं’ असं मात्र विचारू नका. तिथलं बोलणं गुप्त राहतं, मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 ने तसा हक्क दिलाय, आणि ते घरी पोचणार नाही या भरवशावरच पोरं तिथे तोंड उघडतात. तिसरं, पुण्यात राहणारं नात्यातलं कुणीतरी, महिन्यातून एकदा जेवायला बोलावणारं. मार्क विचारणारा काका असेल तर तो नको. गप्पा मारून वाढणारी आत्या, मावशी, मोठा मावसभाऊ चालेल.

विषयांचं म्हणाल तर थोडक्यात सांगते. जास्तीत जास्त किती विषय राहिले तरी पुढच्या वर्षात जाता येतं, राहिलेल्या विषयांचा फॉर्म कधी भरायचा, हे विद्यापीठाच्या आणि स्वायत्त कॉलेजच्या नियमांप्रमाणे बदलतं. त्याने ते कॉलेजच्या परीक्षा विभागातून लेखी समजून घ्यावं आणि तारीख तुम्हाला सांगावी. मन खचलेल्या मुलांच्या हातून फॉर्मची तारीखच चुकते, ती चुकू नये एवढ्यासाठी एक साधी आठवण करणं तुमचं काम. हातात चिठ्ठी नसली की परीक्षा विभागाची खिडकीही मोठी वाटते, तर प्रश्न एका कागदावर लिहून जाऊ दे. दोन्ही विषयांसाठी वरच्या वर्षाचा एखादा मुलगा शिकवायला मिळाला तर क्लासपेक्षा बरं, तो मराठीत समजावतो. आणि जमीन थोडी असेल तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्ज महाडीबीटी या सरकारी वेबसाइटवर भरलाय का ते बघा. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी ती योजना आहे, आणि नुसतं कुणी सांगितलं नाही म्हणून कितीतरी घरं तिला मुकतात.

तुम्ही पुण्याला राहायला जायचं का? माझं उत्तर ‘नको’ आहे. डॉक्टरांनी काही दिवस सोबत राहा म्हटलं तर जरूर राहा, त्यात दुसरा विचार नको. पण कायमचं बिऱ्हाड केलंत तर दुसऱ्या भाड्याचा बोजा पडेल, धाकट्याचे आणि शेतीचे हाल होतील, आणि ते सगळं आपल्यामुळे झालं हे तो रोज ताटात बघेल. त्याऐवजी पुढचे दोन-तीन महिने त्याला दर पंधरा दिवसांनी घरी येऊ दे. दर आठवड्याला नको. शनिवार-रविवारीच तिथल्या मैत्र्या जमतात, एकत्र स्वयंपाक होतो, कुणीतरी कुणाला गणित समजावतं. ते त्याला मिळायला हवं.

घरी आणून शेतीला लावायचं का? आत्ता, या मनःस्थितीत, कॉलेज सोडायचा निर्णय त्यानेही घेऊ नये आणि तुम्हीही घेऊ नका. आठ-पंधरा दिवस विश्रांतीला येऊन गेला तर काही बिघडत नाही, हजेरीचं मेंटॉरशी बोलून घेता येतं. झोप आणि जेवण रुळावर आलं, दुसरं सेमिस्टर संपलं, की मग शांतपणे विचारा : ‘तुला हेच करायचंय का?’ ब्रँच बदलणं, डिग्री बदलणं, एक वर्ष थांबणं, सगळं तेव्हा बोलता येईल. शेती ही शिक्षा म्हणून मात्र त्याच्यापुढे ठेवू नका. तुम्ही दोघं जन्मभर जे करत आलात ते धमकी म्हणून वापरणं मला पटत नाही.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांची माया त्या मार्गाने बाहेर येतेय. त्यांनी देवापुढे दिवा लावावा, नारळ ठेवावा. फक्त उताऱ्याच्या नादात डॉक्टर लांबणीवर पडता कामा नये, आणि त्याला कुणा देवऋषीपुढे नेऊन बसवायचं नाही, हे तुम्ही ठामपणे सांगा. आजीच्या हातचे लाडू मात्र घेऊन जा, चौघांना पुरतील एवढे.

राहिली यात्रा. त्याला यायचं असेल तर यावं, नको म्हणाला तर आग्रह धरू नका. आला, तर पाहुण्यांच्या प्रश्नांना तोंड देणं त्याच्यावर सोडू नका. पालखी दारात येईल, ओसरीवर माणसं बसतील आणि कुणीतरी विचारणारच, ‘काय मग इंजिनिअर, किती पडले?’ तेव्हा उत्तर त्याच्या वडिलांनी द्यायचं : ‘पहिलं वर्ष अवघड असतंय, करतोय तो, आम्हाला समाधान आहे.’ आणि लगेच आल्याच्या भावाचा विषय काढायचा. त्यावर पाहुण्यांकडे तासभर बोलण्यासारखं असतं. हे वाक्य कुणी बोलायचं आणि कधी बोलायचं, ते दोघांनी यात्रेच्या आदल्या रात्री ठरवून ठेवा, आणि आम्ही असं ठरवलंय हे मुलालाही सांगून ठेवा.